खारोड्यांतला दात

आमच्या घराण्यात पहिला बी.ए. मी. असं काही लिहिलं की लोक पुढं जोडतात, ‘हे मोठेपणासाठी सांगत नाही.’ मी मोठेपणासाठीच सांगतोय. ज्या घरात कागदावर अंगठा उठवायची रीत होती, त्या घरातून मी हैदराबादेपर्यंत गेलो आणि पदवी घेऊन आलो. पण त्या वाटेत एक दात आडवा आला होता. वरचा, समोरचा, उजव्या बाजूचा. पदवीबद्दल गावात पुष्कळांनी विचारलं. दाताबद्दल मात्र माझ्या बापाशिवाय कुणी कधी विचारलं नाही.

आमचं गाव चुडावा स्टेशनाच्या अलीकडं, रेल्वेपासून बैलगाडीच्या अंतरावर. बाप शेतकरी. पण पंचक्रोशीत त्याला मान होता तो बैलाचं तोंड बघण्यासाठी. बाजारात कुणाला बैल घ्यायचा असला की बापाला बोलावणं यायचं. तो बैलाचं मुसकट काखेत धरायचा, अंगठ्यानं ओठ खाली ओढायचा आणि आत डोकावून सांगायचा, दोन दाती हाय, चार दाती हाय, नाहीतर जुळलाय, म्हणजे सगळे पक्के दात आले. विकणारा कितीही शपथा खावो, बाप दातावरून वय सांगायचा आणि व्यवहार तिथंच ठरायचा. त्याला सवयच लागली होती. पाहुणा आला तरी आधी त्याच्या तोंडाकडं बघायचा, मग रामराम घालायचा.

मला परभणीच्या हायस्कुलात घातलं ते आईच्या हट्टानं. बापानं एकच अट घातली. “शिक. माझी ना न्हाई. पर हातपाय मोडून, तोंड फोडून आलास का साळा बंद. मग औत धरायचं. लुळं पोरगं ना रानात कामाचं ना सोयरिकीत.” निजामाच्या राज्यात हायस्कुलातलं सगळं शिक्षण उर्दूत. गणित उर्दूत, भूगोल उर्दूत. त्यातच मी बुडायच्या बेतात होतो. हातपाय मोडायला वेळ कुठून आणणार, असं तेव्हा वाटलं.

पण त्या शाळेत हॉकी होती.

आमच्या संस्थानाला हॉकीचं वेड होतं. शाळेचे ड्रिलमास्तर फौजेतून आलेले, दख्खनी बोलणारे, भरदार मिशांचे. पोरांना ते घोड्यांसारखं पळवायचे. खऱ्या काठ्या मोजक्या, त्या चांगल्या खेळाडूंना. आम्ही खेड्यातली पोरं बोरीची वाकडी फांदी तासून आणायचो. तीही बरी चालायची. मी पळायचो जोरात, म्हणून मास्तरांनी मला संघात घेतलं होतं.

उन्हाळा लागत होता. शाळेतल्याच दोन वर्गांचा सामना. आमचा एक दांडगा गडी चेंडू मारायला काठी मागं घेत होता आणि मी नेमका त्याच्या पाठीशी उभा. त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. बघायला त्याच्या पाठीला डोळे नव्हते. काठीचं टोक वर आलं ते माझ्या तोंडावर. दुखलं नंतर. आधी फक्त आवाज झाला, कडब्याचा धांडा मोडावा तसा, आणि जीभ समोर गेली तर तिथं दारच उघडं.

दात पायापाशी पडला होता. मी उचलला, आणि रक्त गळत असताना मला नवलच वाटलं ते त्याच्या लांबीचं. तोंडात दिसतो तेवढाच दात असतो असं मी धरून चाललो होतो. हातात होता तो त्याच्या दुप्पट. दिसणारा भाग पांढरा, आणि खाली तेवढंच लांब, निमुळतं, पिवळसर मूळ, ओलं. मुळा उपटल्यावर जसा मातीखालचा भाग बघून वाटतं, एवढा आत होता का हा, तसं.

मास्तर तेव्हा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला भांडण सोडवत होते. त्यांच्यापर्यंत जायची मला हिंमत झाली नाही. मुठीत दात धरून मी सरळ घर गाठलं. घर म्हणजे मावशीचं. आईची धाकटी बहीण, तिच्याकडं मी शाळेसाठी राहायचो. मैदानाच्या भिंतीला लागूनच तिचं घर, मातीच्या सपाट माळवदाचं.

मावशी चुलीपुढं भाकरी थापत होती. तोंड बघून ती ओरडली, पण हात थांबले नाहीत. मिठाच्या पाण्यानं चूळ भरायला लावली, हळद दाबली आणि म्हणाली, “दात कुठं हाय?”

मी मूठ उघडली.

“आन हिकडं. माळवदावर टाकाय पायजे. न्हाईतर नवा यायचा न्हाई.”

दात पडला की शेणाच्या गोळ्यात घालून माळवदावर फेकायचा, म्हणजे उंदीर तो घेतो आणि त्याच्यासारखा बळकट दात आपल्याला देतो, हे आमच्याकडं घरोघर चालायचं. मावशीच्या धाकट्या पोरीचा दुधाचा दात आठवड्यामागंच असा वर गेला होता. मीही लहानपणी टाकले होते आणि ते सगळे परत आले होते. त्यामुळं शंका घ्यायचं मला काही कारण दिसलं नाही.

“शेण न्हाई आत्ता, गाय चरायला गेलीया,” म्हणत मावशीनं परातीतलाच ज्वारीच्या पिठाचा ओला गोळा तोडला, त्यात दात कोंबला, अंगणात गेली आणि गोळा वर भिरकावला.

“कवा येईल नवा?”

“येईल की दोन-चार म्हैन्यांत. हिचा न्हाई का यायलाय?”

“बा यायच्या आत?”

आत येता येता मावशी थांबली. “दाजी कवा यायलेत?”

“पुढच्या बैलबाजाराला.”

ती चुलीपुढं येऊन बसली. परत भाकरी थापायला लागली, पण भाकरीची कड तडकत होती.

तेवढ्यात ड्रिलमास्तर दारात. पोरांनी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड बघितलं आणि “चल रे” एवढंच म्हणून दंड धरून सरकारी दवाखान्यात नेलं. तोही जवळच होता. डॉक्टरसाहेब हैदराबादेला शिकलेले, सडपातळ, चष्म्यातून वरून बघणारे. त्यांनी कापसानं रक्त टिपलं, खड्ड्यात डोकावले आणि विचारलं, “दाँत किधर है?”

मी मास्तरांकडं बघितलं. मास्तर माझ्याकडं.

“माळवदावर,” मी म्हणालो.

“छत पे? कैकू?”

मी उंदराचं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला. मला वाटलं रागावतील. त्यांनी हसू दाबलं आणि मास्तरांना भरभर सांगितलं. पक्का दात पडला तर दुसरा येत नाही. पण तोच दात ताजा असला, त्याचं मूळ कुणी खरवडलं नसलं, तर परत बसवून बघता येतो. आपण पुस्तकात वाचलंय, हैदराबादेत एकदा डोळ्यांनी बघितलंय, स्वतः कधी केलेलं नाही. पण जितका उशीर तितकं अवघड. “जाव, ढूंडो. और देखो, जड़ को हात नक्को लगाव.”

मला फक्त पहिलंच वाक्य ऐकू आलं. दुसरा येत नाही. म्हणजे बाप बाजाराला येणार, तोंडाकडं बघणार, आणि माझी शाळा तिथंच संपणार.

आम्ही दोघं पळत परत आलो. मास्तर शिडी चढले, मागोमाग मी. वर गेलो आणि दोघंही उभेच राहिलो. मावशीनं त्याच दिवशी सकाळी खारोड्या घातल्या होत्या. ज्वारीच्या कण्या शिजवून, त्यात तीळ-लसूण-तिखट घालून, त्याचे बोराएवढे गोळे जुन्या धोतरावर वाळत टाकायचे. पावसाळ्यात तळून खायला. सबंध माळवदभर गोळेच गोळे. सगळे ओले, सगळे बोराएवढे. आणि त्यांत कुठंतरी मावशीनं खालून न बघता फेकलेला एक ज्वारीचाच गोळा.

“या अल्ला,” मास्तर म्हणाले.

कठड्याच्या कोपऱ्यात त्यांना काहीतरी पांढरं दिसलं. “मिल गया!” म्हणून त्यांनी चिमटीत धरून मला दिलं. दातच होता. मी खुळ्यासारखा खड्ड्याला लावून बघितला. इवलासा. आणि खाली मूळच नाही, कुणी सुरीनं सपाट कापल्यासारखा. मावशीच्या पोरीचा होता, गेल्या आठवड्यातला. त्याचं शेण वाळून उडून गेलेलं.

“हा न्हाई. माझ्याला मूळ हुतं.”

“पक्का?”

“मी बघितलंय. बोटाच्या पेराएवढं.”

मास्तरांनी तो दात पुन्हा उन्हात धरून बघितला. दाताला एवढं मूळ असतं हे त्यांनाही नवीन होतं. पण बघत बसायला वेळ नव्हता. आम्ही गुडघ्यावर बसलो आणि एकेक खारोडी दाबून बघायला लागलो. फौजेतला तो माणूस, ज्याच्या शिट्टीनं सगळी शाळा ताठ व्हायची, तो बोटांनी खारोड्या चिरडत होता आणि त्याच्या मिशीला तीळ चिकटले होते. मावशी शिडीवरून नुसतं डोकं वर काढून बघत होती.

“अवो मास्तर! माझ्या वर्साच्या खारोड्या!”

“बाई, बच्चे का दाँत है.”

“दात हाय ते खरं, पर हळू दाबा की! आन ती कडंची ओळ सोडा, तिकडं माझा हात पोचतच न्हाई, तिकडं कशाला जाईल?”

“तुमने किधर फेका, वो बोलो.”

“वर फेकला.”

कठड्यावर कावळा येऊन बसला होता. तो आमच्याकडं बघत नव्हता. मान वाकडी करून धोतराच्या पलीकडच्या टोकाशी बघत होता. मावशीच्या ते आधी लक्षात आलं. “त्यो बघा, त्यो मेला कुठं बघायलाय!” असं म्हणत ती शिडीवरून सरळ वर आली. कावळ्यानं झेप घातली, मास्तरांनी टोपी फेकली, आणि त्या गोंधळात मी त्या टोकाचा गोळा उचलला. त्याला तीळ नव्हते. तिखटाचा लाल रंग नव्हता. नुसतं पीठ. वरून उन्हानं पापुद्रा धरलेला, आत ओलं.

मी तो उघडला नाही. तसाच घेऊन पळालो.

डॉक्टरांनी गोळा मोडला. दात आत जसाच्या तसा, ओला. “आटे में?” ते म्हणाले, आणि पुन्हा एकदा म्हणाले, “आटे में!” त्यांनी तो वरच्या बाजूनं धरला, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यात हळूच खळबळून पीठ धुतलं, मूळ पुसलं नाही. माझा खड्डाही धुतला. मग म्हणाले, मास्तरांचा हात धर. मी धरला. त्यांनी दात खड्ड्यात ठेवला आणि अंगठ्यानं दाबला. आत जाताना तो टक् करून बसला. त्या वेळचं दुखणं मी विसरलोय, तो आवाज विसरलो नाही. जखमा शिवायच्या रेशमी दोऱ्यानं त्यांनी तो दोन्ही शेजाऱ्यांना इंग्रजी आठाच्या आकड्यात बांधला, माती लागली म्हणून दंडात सुई टोचली आणि बजावलं: समोरच्या दातांनी काही चावायचं नाही, पातळ खायचं, रोज मिठाची चूळ.

“धरंल का?” मी विचारलं.

“देखेंगे,” डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात डॉक्टरी नव्हती. त्यांनाही बघायचंच होतं.

बैलबाजाराच्या दिवशी बाप आला. मी दुधात कुस्करलेली भाकरी खात होतो, खाली मान घालून. मावशी एरवीपेक्षा जास्त बोलत होती. आईची तब्येत विचारली, गाईची विचारली, पावसाची विचारली, ज्याला अजून तीन महिने होते. बापानं पटका काढला, पाणी प्याला आणि म्हणाला, “ऊस खाणारं पोरगं दूधकाला कामून खायलंय?”

“उष्णता झालीय, दाजी.”

“तोंड उघड.”

मी उघडलं. त्यानं अंगठ्यानं ओठ वर केला, अगदी बाजारात करतो तसा, आणि उजेडाकडं माझं डोकं वळवलं. बराच वेळ बघत राहिला.

“ह्ये रेशीम कशाला बांधलंय?”

मग मावशीनं सगळं सांगून टाकलं. काठी, पीठ, खारोड्या, कावळा, डॉक्टर. मी बापाचं तोंड बघत होतो. अट त्यानं घातली होती आणि अट मोडली होती; त्याला फक्त ‘चल’ एवढं म्हणायचं होतं. मी मनात दप्तर बांधायला घेतलंही होतं.

बाप म्हणाला, “मूळ केवढं हुतं?”

मी बोटाचं पेर दाखवलं.

“पडलेला दात परत रोवला म्हंता?”

“व्हय.”

“बैलाचा असा कुणी रोवलेला म्या कवा बघितला न्हाई.” त्यानं पुन्हा ओठ वर केला. “धरंल का ह्यो?”

“डॉक्टर म्हणत्यात बघू.”

“मग म्या बी बघतो. धरला तर ऱ्हा हितं. न्हाई धरला तर औताला ये. दाताच्या खड्ड्याचं पोरगं म्या शिकवत बसणार न्हाई.” आणि पटका गुंडाळून बाजाराला गेला.

त्यानंतर मी अभ्यास केला आणि दात सांभाळला. दोन्हींची सारखीच धास्ती. सकाळी उठलो की आधी जिभेनं दात हलतो का बघायचो. आंब्याचे, मक्याच्या कणसांचे दिवस गेले. मी काला खात राहिलो. बाजारात एक दात काढणारा बसायचा, काढलेले दात चादरीवर मांडून. तिथं जाऊन मी मुळं बघत उभा राहायचो. एक मुळाचे, दोन मुळांचे, दाढांचे तर तीन पायांच्या तिवईसारखे. त्याला वाटायचं गिऱ्हाईक आलंय. “काढायचाय का बाळा?” “न्हाई, ठिवायचाय.” तो चिडायचा.

डॉक्टरांनी दोरा काढला तेव्हा दात जागचा हलला नाही. मास्तरांनी मैदानावर नवा नियम लावला: काठी खांद्याच्या वर गेली की बाहेर, आणि मारणाऱ्याच्या पाठीशी उभं राहणाराही बाहेर. तरी मला खेळायचं तर भीती वाटायची. मी जुन्या धोतराची घडी केली, वितळलेल्या मेणात बुडवली, कोमट असताना चावून दातांचा ठसा उठवला आणि खेळताना ती वरच्या दातांवर बसवायला लागलो. बोलता यायचं नाही. चेंडू मागायचा तर नुसतं “ऊं ऊं”. पोरांनी लगेच नाव ठेवलं, मुसकं. मळणीच्या बैलानं धान्याला तोंड लावू नये म्हणून बांधतात ते. “आला बघा मुसक्या! ह्याला खळ्यावर न्या रे!” पुढं एकाचा ओठ फाटला, तेव्हा त्यानं गुपचूप विचारलं, “मेण कुठून आणलंस?” मग आणखी दोघांनी. मास्तरांनी माझं मुसकं हातात घेऊन ठसा बघितला आणि मान हलवून फक्त “हौ” म्हणाले.

दिवाळीपूर्वी बाप पुन्हा आला. या वेळी पाणीही प्याला नाही. “तोंड उघड.” अंगठ्यानं दात मागं ढकलला, पुढं ओढला. हलला नाही. मग त्यानं नखानं टिचकी मारली. शेजारच्या दातावर मारली. पुन्हा त्या दातावर मारली आणि कान जवळ आणला.

“ह्याचा आवाज न्यारा हाय.”

मलाही ते ऐकू येत होतं. बाकीचे दात भरल्या मडक्यासारखे वाजत होते, आणि हा फरशीवर फरशी आपटावी तसा, टणक.

“पर हालत न्हाई, बा.”

“हालत तर न्हाई.” त्यानं आणखी एकदा टिचकी मारली. मावशी दारात उभी, हाताला पीठ. बाप विचार करत होता, आणि मला दिसत होतं की तो शाळेचा विचार करत नाहीये. त्या आवाजाचाच करतोय. “धरलाय,” शेवटी तो म्हणाला. “कसा धरलाय कुणास ठावं, पर धरलाय. ऱ्हा.”

एवढ्यावर मी मॅट्रिक झालो आणि हैदराबादेला गेलो. दात तिथंही माझ्याबरोबर होता, थोडा पिवळा पडलेला, बाकीच्यांपेक्षा किंचित आखूड दिसणारा, कारण जबडा वाढला तसे बाकीचे खाली उतरले, तो जिथं होता तिथंच राहिला. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी पेरू खाताना तो पेरूतच राहिला. दुखलं नाही, रक्तही थेंबभर. मी फोडीतून काढून धुतला आणि बघत राहिलो. मूळ नव्हतं. पेराएवढं जे मूळ मी मैदानावर हातात धरलं होतं, ते गेलं होतं कुठं? खाली सपाट, खरबरीत. अगदी मावशीच्या पोरीच्या त्या दातासारखा.

निकाल घेऊन गावी गेलो तेव्हा तो रुमालात बांधून नेला. बापापुढं आधी पदवीचा कागद ठेवला, मग दात. त्यानं कागदाला हात लावून कपाळाला लावला आणि आईकडं दिला. दात तळहातावर घेतला.

“मूळ कुठं गेलं?”

“ठाऊक न्हाई, बा.”

“बी.ए. झालास ना?”

“ते बी.ए.त नसतं.”

पुढं पुष्कळ वर्षांनी एका दंतवैद्यानं मला सांगितलं की परत बसवलेल्या दाताला हाड धरून बसतं आणि हळूहळू त्याचं मूळ खाऊन टाकतं; टिचकीचा आवाज बदलतो तो त्यानंच. तेव्हा हे ऐकायला बाप नव्हता. त्याला फार आवडलं असतं.

निकाल घेऊन गेलो त्या दिवशी आईनं परातीतला पिठाचा गोळा तोडला आणि हात पुढं केला. “द्या, टाकते वर.”

“ऱ्हाऊ दे,” बाप म्हणाला. त्यानं दात धोतराच्या कनवटीला लावला.

पुढच्या बाजारात मी त्याच्याबरोबर गेलो. कुणीतरी विचारलं, “पाटील, पोरगं लय शिकलं म्हणं. किती शिकलं?” बापाला बी.ए. काय ते सांगता येईना. तो थोडा अडखळला, मग कनवटीत बोट घालून त्यानं दात काढला, त्या माणसाच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, “ह्ये बघ. ह्यो पडला हुता. परत लावलेला हाय. मूळ बघ, हाय का?”

तो माणूस दात उलटासुलटा करून बघायला लागला. आणखी दोघं-तिघं वाकले. बैल सोडून सगळे दाताभोवती जमले.